सिगारेट सुटली, मग शरीरातला दाह कधी सुटतो?

मागच्या भागात आपण १९१४ सालच्या नाताळातल्या त्या पितळी डबीबद्दल बोललो होतो. इंग्लंडच्या राजकन्या मेरीच्या नावानं सैनिकांना भेट गेली. गोऱ्या सैनिकाला डबीत तंबाखू आणि सिगारेटी. गुरख्यांना तेच. शिखांना सिगारेट चालत नाही, म्हणून त्यांना खडीसाखर आणि मसाल्याची डबी. बाकीच्या हिंदी जवानांना सिगारेटीही आणि खडीसाखर-मसालाही. खंदकात बसलेल्या माणसाला काय द्यावं याचा विचार किती बारकाईनं केला होता, हे त्यातून दिसतं. त्या सिगारेटीनं त्या माणसाच्या आत काय होईल, हा प्रश्न तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हता.

तो भाग ऐकून मला सातारा जिल्ह्यातून एक फोन आला. माझ्याबरोबर काम केलेले एक निवृत्त सुभेदार. आमच्याकडे जवान अधिकाऱ्याला साहेब म्हणतो आणि अधिकारी सुभेदाराला साहेब म्हणतो, त्यामुळे आमचं बोलणं ऐकणाऱ्याला कोण कुणाचा साहेब ते कळत नाही. ते म्हणाले, "साहेब, इतिहास चांगला सांगितलात. पण मी ४० वर्षं बिडी ओढली. जे जळायचं ते जळून गेलं. आता ६८व्या वर्षी सोडून काय राखेचं परत लाकूड होणार आहे का?"

मला त्यांना धड उत्तर देता आलं नाही. मी स्वतः २०११ साली, ५२व्या वर्षी सिगारेट सोडली. पण सोडल्यावर आत काय बदलतं आणि त्याला किती वेळ लागतो, हे मी कधी नीट वाचलं नव्हतं. मी डॉक्टर नाही. इतिहास वाचणारा माणूस आहे, म्हणून हा प्रश्नही मी इतिहासाच्या वाटेनंच सोडवायला बसलो. आजचा भाग म्हणजे सुभेदार साहेबांना दिलेलं उशिराचं उत्तर समजा.

आधी दाह म्हणजे काय ते बघू. डॉक्टर ज्याला इन्फ्लमेशन म्हणतात ते. बोटात काटा मोडला की बोट लाल होतं, सुजतं, गरम लागतं, ठणकतं. ही चार लक्षणं रोमन लेखक सेल्सस यानं इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहून ठेवली. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत व्रणशोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या आहेत, आणि कच्ची सूज कापू नये, पिकलेली सोडू नये, हे वैद्याला बजावलं आहे. म्हणजे दाह माणसाला फार पूर्वीपासून डोळ्यांनी दिसत होता. तो कोण घडवतं, हे मात्र कळलं नव्हतं.

ते १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना गावी कळलं. एली मेचनिकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ तिथं राहत होता. घरची मंडळी सर्कशीला गेली होती आणि हा सूक्ष्मदर्शकाशी एकटाच बसला होता. तारामाशाची अळी काचेसारखी पारदर्शक असते. यानं बागेतले गुलाबाचे काटे आणून तिच्या अंगात टोचले. सकाळी बघतो तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला. सूज म्हणजे शरीराचा पराभव नाही, शरीराची तुकडी मोर्चावर पोचल्याची ती खूण आहे, हे त्यानं ओळखलं. १९०८ साली त्याला पॉल एर्लिश यांच्यासोबत नोबेल मिळालं. फौजी माणसाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही.

पुढचा टप्पा १९३०चा. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस न्यूमोनियाच्या रोग्यांचं रक्त तपासत होते. त्या जंतूच्या अंगावरच्या 'सी' नावाच्या एका पदार्थाशी रोग्याचं रक्त मिसळलं की गढूळ साका तयार होई. रोगी बरा झाला की तेच रक्त साका देईनासं होई. रक्तात काहीतरी येत होतं आणि बरं वाटताच निघून जात होतं. तेच पुढं सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी. आपलं यकृत ते बनवतं. कुठंही दाह झाला की त्याचा निरोप यकृताला पोचतो आणि सीआरपी चढतं. साधारण १९ तासांत रक्तातलं निम्मं संपतं, त्यामुळे ते ताजी बातमी देतं, शिळी नाही. कोविडच्या दिवसांत हा शब्द आपण सगळ्यांनीच रिपोर्टवर वाचला आहे.

आता तंबाखूकडे येऊ. आग्र्याच्या दरबारात तंबाखू आणला तो असद बेगनं, आणि आणला कुठून, तर आपल्या विजापुराहून, १६०४-०५च्या सुमाराला. अकबरानं कौतुकानं झुरका घेतला, तेव्हा त्याच्या हकिमानं हरकत घेतली. या वस्तूबद्दल आपल्या ग्रंथांत काहीच नाही, हे त्याचं म्हणणं. असद बेगचं उत्तर असं की प्रत्येक रिवाज कधीतरी नवाच असतो. वादात दरबारी जिंकला. १६१७ साली जहांगीरनं बंदीचं फर्मान काढलं, पण तोवर वस्तू गावोगाव गेली होती. हकिमाची शंका तपासून बघायला पुढं सुमारे साडेतीनशे वर्षं लागली.

ती तपासली दोन इंग्रजांनी. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल हा पहिल्या महायुद्धातला वैमानिक. युद्धातच क्षय झाला, कित्येक महिने अंथरुणावर गेले, डॉक्टर व्हायचं राहून गेलं आणि तो संख्याशास्त्राकडे वळला. रिचर्ड डॉल हा दुसऱ्या महायुद्धातला सैन्यातला डॉक्टर, डंकर्कच्या माघारीत होता. १९५० साली या दोघांनी लंडनच्या रुग्णालयांतले फुप्फुसाच्या कर्करोगाचे ६४९ पुरुष तपासले. त्यांत कधीच न ओढणारे फक्त २ निघाले. डॉलचा स्वतःचा संशय आधी मोटारींच्या धुरावर आणि रस्त्याच्या डांबरावर होता. आकडे जमू लागले तशी त्यानं अभ्यास चालू असतानाच स्वतःची सिगारेट सोडली.

१९५१ साली त्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच प्रश्नावली पाठवली आणि त्यांतल्या ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचा माग ठेवला. एक-दोन वर्षं नाही, ५० वर्षं. पन्नास वर्षांचा निकाल २००४ साली छापून आला तेव्हा डॉल ९१ वर्षांचा होता आणि अजून काम करत होता. आयुष्यभर ओढणारा सरासरी १० वर्षं आधी जातो. ६०व्या वर्षी सोडली तर त्यातली ३ वर्षं परत मिळतात, ५०व्या वर्षी ६, ४०व्या वर्षी ९, आणि ३०व्या वर्षी जवळजवळ सगळी. सुभेदार साहेबांसाठी पहिलाच आकडा जवळचा. तीन वर्षं म्हणजे नातवाची बारावी बघून जाणं किंवा न बघता जाणं.

पण हा मरणाचा हिशेब झाला. आत काय चालतं ते यातून दिसत नाही. ते दाखवणारं एक काम १९७४ सालचं आहे आणि मला ते फार लागलं. अमेरिकेत डेनिस नीवोनर आणि सहकाऱ्यांनी अचानक मृत्यू आलेल्या तरुणांची फुप्फुसं तपासली. आजारी माणसं नव्हेत, वरून धडधाकट. त्यांतल्या ओढणाऱ्यांच्या अगदी बारीक श्वासनलिकांत तपकिरी रंग भरलेल्या भक्षक पेशींची गर्दी होती. मेचनिकॉफनं काट्याभोवती पाहिला तसलाच वेढा, पण इथं काटा निघतच नाही. रोज वीस वेळा नवा टोचला जातो. मी लेफ्टनंट असताना ५ किलोमीटरची बीपीईटी वेळेत पळायचो आणि संपल्यावर शर्यतीच्या रेषेपाशीच सिगारेट पेटवायचो. पळता येतं म्हणजे फुप्फुसं ठणठणीत, अशी माझी समजूत. माझ्या वयाच्या माणसांचा तो रिपोर्ट छापला गेला तेव्हा मी शाळेत होतो.

या वेढ्यानं नुकसान कसं होतं, त्याचा धागा स्वीडनमध्ये १९६३ साली सापडला. कार्ल-बर्टिल लॉरेल आणि स्टेन एरिकसन यांना काही रोग्यांच्या रक्तात एक प्रोटीन जवळजवळ नसल्याचं दिसलं, आणि त्यांतल्या काहींची फुप्फुसं तरुणपणीच फाटक्या पिशवीसारखी झालेली. आपल्या पांढऱ्या पेशी शत्रूला विरघळवणारं एक रसायन सोडतात. ते स्वतःच्याच फुप्फुसाला खाऊ नये म्हणून हे प्रोटीन, अल्फा-१ अँटिट्रिप्सिन, पहारा देतं. या रोग्यांत पहारेकरी जन्मतःच नव्हता. धूर पांढऱ्या पेशींची कुमक वाढवतो आणि पहारेकऱ्यालाही निकामी करतो. आपल्याच तोफखान्याचा मारा आपल्याच ठाण्यावर पडावा, तसं होतं.

आता ज्या माणसाच्या कागदावर सुभेदार साहेबांचं उत्तर आहे, त्याच्याकडे येतो. चार्ल्स फ्लेचर. फेब्रुवारी १९४१मध्ये ऑक्सफर्डला अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं गेलं. जंतुसंसर्गानं त्याचा चेहरा पिकला होता. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून पुन्हा वापरलं, तो सुधारू लागला आणि औषध संपल्यावर दगावला. ते इंजेक्शन देणारा तरुण डॉक्टर हा फ्लेचर. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा १९६२ सालचा धूम्रपानावरचा अहवाल घडवण्यात त्याचाच मोठा हात होता. त्यानं पश्चिम लंडनमधल्या नोकरदार पुरुषांचं फुंकणं वर्षानुवर्षं मोजलं. पहिल्या एका सेकंदात जोर लावून किती हवा बाहेर टाकता येते, एवढंच. रिचर्ड पेटोबरोबर त्याचा निष्कर्ष १९७७ साली छापला गेला आणि त्यातली आकृती आजही छातीच्या डॉक्टरांना पाठ असते.

आकृती साधी आहे. वय वाढेल तशी प्रत्येकाची हवा थोडी थोडी कमी होते. न ओढणाऱ्याची रेषा हळू उतरते. ओढणाऱ्यांतल्या काहींची घसरगुंडी होते, आणि ती कुणाची होणार हे आधी दिसत नाही, कारण फुप्फुसाची राखीव ताकद मोठी असते. धाप लागते तेव्हा निम्म्याहून अधिक खर्च झालेलं असतं. आणि जो सोडतो त्याचं काय? गेलेलं परत येत नाही. पण त्या दिवसापासून उताराचा वेग न ओढणाऱ्याच्या जवळ येतो. म्हणजे राखेचं लाकूड होत नाही, सुभेदार साहेब, ते तुमचं बरोबर. पण मोळीतली उरलेली लाकडं जळायची थांबतात, आणि ६८व्या वर्षी अंगणात चालायचं की खाटेवर बसायचं, हे त्या उरलेल्या लाकडांवर ठरतं.

हृदयाचा भाग थोडक्यात सांगतो. १९९७ साली बोस्टनच्या पॉल रिडकर यांनी डॉक्टरांचंच साठवून ठेवलेलं जुनं रक्त काढून तपासलं. ज्यांना पुढं हृदयविकाराचा झटका आला, त्यांचं सीआरपी कित्येक वर्षं आधीच चढलेलं होतं, आणि तेही तब्येत चांगली असताना. तोवर हृदयविकार म्हणजे पाइपात साचलेली चरबी, असं चित्र होतं. पाइपाच्या भिंतीतही दाह असतो, हे त्यानंतर सगळीकडे पोचलं. ओढणाऱ्याचं सीआरपी आणि पांढऱ्या पेशींची संख्या दोन्ही वरच्या पातळीवर राहतात. युद्ध नसताना कायमची हाय अलर्ट.

मग अलर्ट उठतो कधी? २००५ साली दोन मोठे अभ्यास छापले गेले. अमेरिकेतल्या १५,०००हून अधिक लोकांच्या आकड्यांवरून उत्तर आलं की सोडल्यावर साधारण ५ वर्षांत दाहाच्या खुणा न ओढणाऱ्यांच्या पातळीला येतात. ब्रिटनमधल्या २४ गावांतल्या ६० ते ७९ वयाच्या पुरुषांवरून उत्तर आलं की ५ वर्षांत बरीच सुधारणा होते, पण पूर्ण बरोबरीला यायला २० वर्षांहून जास्त लागतात. मला हा फरक खटकला नाही. दुसऱ्या अभ्यासातले सगळे म्हातारे होते, दशकानुदशकं ओढलेले. आमच्यासारखे. त्यामुळे मी दुसरा आकडा मनाशी धरतो आणि पहिला निघाला तर आनंद मानीन.

यावर २०२४च्या फेब्रुवारीत पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचा एक निबंध आला. त्यांनी १,००० निरोगी फ्रेंच स्त्री-पुरुषांच्या रक्ताला नळीत जंतूंचे आणि इतर पदार्थांचे डिवचे देऊन ते कसं उसळतं ते बघितलं. आपल्या शरीरात दोन फौजा असतात. एक सीमेवरची चौकी, समोर येईल त्यावर लगेच धावून जाणारी. दुसरी हेरखात्यासारखी, जुना शत्रू ओळखून वर्षानुवर्षं नोंद ठेवणारी. ओढणाऱ्यांत पहिली फौज गरजेपेक्षा जास्त भडकते. सोडणाऱ्यांत ती लवकर शांत झालेली दिसली. दुसरीतला बदल मात्र सोडल्यावरही कित्येक वर्षं टिकून होता. जनुकांवर चिकटलेल्या रासायनिक खुणा त्याच्याशी जोडलेल्या निघाल्या, आणि जितकी जास्त ओढलेली तितक्या खुणा ठळक. सोडून जितकी वर्षं झाली तितक्या त्या फिकट होतात. चौकी उठते, दप्तर उशिरा बंद होतं. मी हे वाचलं तेव्हा मला सोडून १३ वर्षं झाली होती. माझं दप्तर अजून उघडं असेल, हे वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

एक उलटी गोष्टही सांगायला हवी, नाहीतर कुणीतरी कळवेलच. १९८२ साली वेल्समधल्या कार्डिफच्या डॉक्टरांना दिसलं की अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्याचा दाह न ओढणाऱ्यांत जास्त आढळतो, आणि काहींना तो सिगारेट सोडल्यानंतर सुरू होतो. शरीर गुंतागुंतीचं आहे. असा त्रास असलेल्यानं सोडताना आपल्या डॉक्टरांना सांगून सोडावी. त्या एका आतड्यासाठी फुप्फुस आणि हृदय पणाला लावू नये.

आता आपल्या देशाचं. वरचे अभ्यास बहुतेक गोऱ्या लोकांच्या सिगारेटचे आहेत. आपल्याकडे बिडी जास्त. तेंदूच्या पानातली बिडी झुरके थांबले की विझते, म्हणून माणूस ती भराभर ओढतो. २००३ साली चेन्नईचा एक अभ्यास छापला गेला, त्यात मरण पावलेल्या ४३,००० पुरुषांच्या घरी जाऊन ते ओढत होते का हे विचारलं होतं. ब्रिटनमध्ये ओढणारा कर्करोगानं आणि हृदयविकारानं जातो. इथं क्षयानं जाणारे फार निघाले. भारतातल्या पुरुषांच्या क्षयमृत्यूंपैकी निम्म्यांना धूम्रपान कारण असल्याचं त्या अभ्यासानं सांगितलं. क्षयाचे जंतू आपल्यात अनेकांच्या छातीत झोपलेले असतात. त्यांना दाबून ठेवणाऱ्या भक्षक पेशी धुराची राख उचलण्यातच गुंतल्या, की जंतू उठतो. सगळी पलटण एका आघाडीवर अडकवून ठेवली की दुसऱ्या खिंडीतून कोण आलं ते कळत नाही. ब्रॅडफर्ड हिलला क्षय झाला होता, हे वाचताना मला हेच आठवत राहिलं.

माझं स्वतःचं सांगतो. २०११मध्ये माझ्या एका बॅचमेटला, माझ्याच वयाच्या, मॉर्निंग वॉकमध्ये झटका आला आणि तो तिथंच गेला. आम्ही एका काडीवर दोघांच्या सिगारेटी पेटवलेल्या, रात्री चौकीवर ठिणगी दिसू नये म्हणून ओंजळीत धरून ओढलेल्या. त्याच्या तेराव्याहून परत आल्यावर मी महूच्या घरी होती-नव्हती ती पाकिटं बायकोच्या हातात दिली. तपासणीत हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी ४.८ आलं. ३च्या वर म्हणजे हृदयाला धोका जास्त, असं डॉक्टर मानतात. दोन वर्षांनी ते २.१ झालं. आणखी उतरलं असतं, पण सोडल्यावर माझं वजन ६ किलो वाढलं, आणि पोटावरची चरबीही दाह वाढवते. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी फरसाणाच्या डब्याला हात लावला नसता. इंदुरात राहून ते जमलं असतं का, हा वेगळा प्रश्न. सर्दी, हिरड्यांची सूज, सांधेदुखी यानंही सीआरपी चढतं, तेव्हा एका रिपोर्टवरून कुणी घाबरू नये आणि खूशही होऊ नये.

हे सगळं मी सुभेदार साहेबांना फोनवर तासभर सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "त्या फ्लेचर साहेबाची फुंकायची टेस्ट आपल्याकडे होते का?" होते, म्हटलं, तिला स्पायरोमेट्री म्हणतात, जिल्ह्याच्या गावी होईल.

परवा त्यांचा फोन आला. आवाजावरून चिडलेले वाटले.

"साहेब, सोडली. पण खोकला वाढलाय. ओढत होतो तेव्हा इतका नव्हता."

"किती दिवस झाले?"

"सतरा."

मी सांगितलं, श्वासनलिकेत बारीक केस असतात, ते कफ वर ढकलतात. धुरानं ते पंगू झालेले असतात. धूर थांबला की ते पुन्हा कामाला लागतात आणि जुना साठा वर यायला लागतो. काही आठवडे असं चालतं. पण वय ६८, ४० वर्षांची बिडी आणि दोन आठवड्यांवरचा खोकला, तेव्हा नुसत्या माझ्या बोलण्यावर राहू नका. छातीचा एक्स-रे काढा, थुंकीची क्षयासाठी तपासणी करा. सरकारी दवाखान्यात फुकट होते.

"आणि ती फुंकायची?"

"तीही करा. आकडा मला कळवा."

"सोमवारी जातो," म्हणाले. "मुलगा नेणार आहे. त्याला सांगतो, येताना त्याचीही करून घे म्हणून. तो सिगारेट ओढतो. त्याला वाटतं मला माहीत नाही."